बहुमताचं वादळ

करंजेबंदरात अनसूया केरकरांविषयी कुणाचं दुमत नव्हतं. बाई हुशार आणि तोंडाने फटकळ. मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन कोकणात आल्या, बाजारपेठेत औषधांचं दुकान टाकलं आणि उभी हयात तालुक्यातल्या डॉक्टरांची अक्षरं लावण्यात घालवली. "कोंबडीने शाईत पाय बुडवले असते तरी याहून बरं लिहिलं असतं," असं गिऱ्हाइकासमोरच म्हणायच्या आणि औषध मात्र अचूक काढून द्यायच्या. पुढे दवाखान्यांमध्ये गोळ्या देणारी यंत्रं बसली आणि दुकान बंद झालं. डॉक्टरांचं अक्षर लावणारं माणूस आता कुणाला नको होतं, कारण डॉक्टरच लिहिनासे झाले होते.

बाई रिकाम्या बसल्या असत्या तर गावाचं काही खरं नव्हतं. सुदैवाने २०४० साली त्यांना 'गतवारा' सापडला.

पुण्याच्या सागरवेध संस्थेचा हा उपक्रम. दीड-दोनशे वर्षांपूर्वी समुद्रावरचं प्रत्येक जहाज दर काही तासांनी हवेचा दाब, वाऱ्याची दिशा आणि त्याचा जोर एका वहीत टिपून ठेवायचं. शास्त्राची सेवा म्हणून नव्हे, जीव वाचावा म्हणून. त्या नोंदवह्यांची पानं आता छायाचित्रांच्या रूपाने लोकांपुढे ठेवली होती. घरबसल्या ती वाचायची आणि आकडे रकान्यांत भरायचे. जमेल त्याने, फुकट.

याचा उपयोग असा. दोरीवर लुगडं वाळत घातलं आणि चार ठिकाणी चिमटे लावले, तर मधलं कापड कुठे किती लोंबेल हे हिशेबाने सांगता येतं. हवेचंही तसंच आहे. हवेला वाटेल तसं वागता येत नाही, तिला पदार्थविज्ञानाचे नियम पाळावे लागतात. एका दिवशी समुद्रावरच्या वीस जहाजांनी वीस ठिकाणी दाब नोंदवला असेल, तर ते झाले वीस चिमटे. मधलं सगळं आभाळ संगणक गणिताने विणून काढतो. अशा रीतीने मागच्या दोनशे वर्षांतल्या हव्या त्या दिवसाची हवा पुन्हा उभी करता येते.

आणि ती उभी करायची ती पुढचं सांगण्यासाठी. उपग्रहाला आजचं चक्रीवादळ दिसतं, पण ते उद्या कुठे वळेल हे दिसत नाही. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक ओमानकडे नाहीतर गुजरातकडे जातात. कोकणाकडे वळणारं एखादंच. उपग्रहांच्या साठ-सत्तर वर्षांत अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून सागरवेधने 'त्रिकाल' नावाची यंत्रणा बांधली. आजच्या आभाळासारखं आभाळ दोनशे वर्षांत कधी होतं ते ती शोधायची आणि तेव्हा वादळ कुठे गेलं यावरून आजचं सांगायची. गेली चार वर्षं त्रिकाल चुकला नव्हता. मासेमारीचे परवाने, बंदरं, विमानं, सगळं त्याच्या हिरव्या-लाल दिव्यावर चालत होतं.

संगणकाला जुनं हस्ताक्षर वाचता येत होतं. पण कागदावर डाग आला की तो ठोकून द्यायचा आणि ठोकून दिलंय हे सांगायचाही नाही. म्हणून माणसं. प्रत्येक पान किमान पाच जणांनी वाचायचं आणि बहुमताने ठरेल तो आकडा खरा.

या माणसांविषयी अनसूयाबाईंचं मत वाईट होतं. कुणी बाणेरमध्ये बसून गप्पांच्या पानावर समुद्राच्या कविता टाकत होता. कुणी नुसतीच 'मान्य, मान्य' अशी बटणं दाबून 'कमोडोर' हा किताब मिळवला होता आणि तो नावाच्या आधी लावत होता. एका निवृत्त प्राचार्यांनी तर 'जहाजावर दोन डझन कोंबड्या घेतल्या' या ओळीवर, हे खलाशांच्या मांसाहाराचं उदात्तीकरण आहे, असा आक्षेप नोंदवला होता.

"आंधळ्यांची जत्रा," बाई नवऱ्याला म्हणायच्या. "आणि यांच्या डोळ्यांनी आभाळ बघायचं."

नवरा, पुंडलिक केरकर, "असेल, असेल," म्हणायचे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ जन्मात कुणाला नाही म्हणाला नव्हता. त्यामुळे गावातल्या प्रत्येक समितीवर ते होते. देवस्थान, वाचनालय, स्मशानभूमी सुधारणा आणि हरजी नाखवा स्मारक. या शेवटच्या समितीचे ते सहचिटणीस.

हरजी नाखवा म्हणजे करंजेबंदराचा अभिमान. १८५२ सालच्या वैशाखात भयंकर तुफान झालं, इंग्रजांचं जहाज देवखडकावर आपटणार, तोच हरजीने डोंगराएवढ्या लाटांत होडी घातली आणि जहाज वाचवलं, अशी कथा. दरवर्षी शाळेत तिचं नाटक व्हायचं. पडद्यामागे पत्रे हलवून गडगडाट काढायचे. हरजीचे वंशज अच्युत भोगटे ऊर्फ भाई जिल्ह्याच्या राजकारणात होते आणि जेटीवर नाखव्याचा दीपस्तंभापेक्षा उंच पुतळा उभारत होते.

अनसूयाबाईंपुढे एका सकाळी नेमकं तेच पान आलं.

जहाजाचं नाव 'एमिलिया', किनाऱ्याची मोजणी करणारं. त्या काळी वाऱ्याचा जोर शून्य ते बारा अशा आकड्यांत लिहीत. शून्य म्हणजे धूर सरळ वर जातो, दहा म्हणजे झाडं उन्मळतात. एमिलियाच्या कप्तानाने दिवसभर शून्य लिहिलं होतं. एका शून्याच्या डावीकडे शाईचा फराटा होता, इतकंच. दाब हळूहळू उतरत होता. शेवटच्या रुंद रकान्यात त्याने इंग्रजीत चार ओळी खरडल्या होत्या. बाईंनी त्या लावल्या आणि मग नवऱ्याला हाक मारली.

"अहो, तुमचा हरजी सापडला."

पुंडलिकराव चहाचा कप घेऊनच आले. बाईंनी मराठी करून वाचून दाखवलं. "वारा बिलकुल नाही. नैऋत्येकडून लांब, जड लाट. शिडं मेल्यासारखी. प्रवाहाने जहाज खडकाकडे ओढलं जातंय. किनाऱ्यावरून हरजी नावाचा नाखवा सहा होड्या घेऊन आला. दोर बांधून आम्हांला ओढलं. दुपार टळेपर्यंत त्याची माणसं उन्हात वल्ही मारत होती. दोघांच्या तळहातांची कातडी सोलली. त्यांना रम आणि गोडं पाणी दिलं."

पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे खरंच वाचवलं."

"खरंच वाचवलं. आणि तुमच्या नाटकात दाखवता त्याहून दसपट कष्टाने. वादळात होडी घालायला वेडेपणा पुरतो. मरगळलेल्या हवेत अख्खं जहाज दुपार टळेपर्यंत ओढायला माणूस लागतो."

पुंडलिकरावांचे डोळे चमकले. ते तसेच उठून भाईंना सांगायला गेले. नको ते नको त्याला सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी भाई भोगटे स्वतः आले. पांढरे कपडे, हातात दोन फोन. खुर्चीवर बसून त्यांनी ते पान पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं.

"वहिनी, तुमच्या विद्वत्तेबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण हा शून्य नाही. दहा आहे. अलीकडे एक दिसतोय ना."

"तो फराटा आहे. शेजारी कप्तानाने 'वारा नाही' असं अक्षरांत लिहिलंय. इंग्रजी येतं ना तुम्हाला?"

"अक्षरांचं सोडा. पुतळ्याच्या पायाशी संगमरवरी लाटा कोरून झाल्यात. मंत्री येणारेत. आणि लोकांना काय सांगू, वारा पडला होता, आमच्या खापरपणजोबांनी जहाज ओढलं? बैलासारखं?"

"तुम्हाला आयुष्यात कधी काही ओढावं लागलं नाही, म्हणून तुम्हाला त्यात कमीपणा वाटतो," अनसूयाबाई म्हणाल्या. "त्याच्या माणसांच्या हातांची सालं निघाली. त्याचं खरं कर्तृत्व समोर लिहिलेलं आहे आणि त्याच्याच वंशजाला ते पुरत नाही. त्याला पत्र्याचा गडगडाट हवा."

भाईंनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी कपाकडे.

"तुमच्या त्या उपक्रमात बहुमताने ठरतं ना?" भाई उठता उठता म्हणाले. "मग ठरवू या बहुमताने."

पुढचा महिनाभर अनसूयाबाई नुसत्या बघत राहिल्या. भाईंच्या कार्यकर्त्यांनी शाळांच्या सभागृहांत, पतपेढीत, लग्नाच्या मांडवांत टेबलं मांडली. 'हरजीबाबांच्या वादळाला आपलं मत द्या.' ज्यांना स्वतःच्या सातबाऱ्यावरचं नाव वाचता येत नव्हतं, त्यांनी १८५२ सालची इंग्रजी नोंद वाचून शून्याचा दहा केला आणि, वादळात दाब पडतो म्हणून, दाबाच्या आकड्यातल्या नऊचा आठ. बाणेरच्या कवीने अस्मितेवर कविता लिहिली. प्राचार्य म्हणाले, वसाहतवादी नोंदींवर आंधळा विश्वास नको. आंधळा हा शब्द त्यांनी वापरला, याचं बाईंना विशेष वाटलं.

एके दिवशी जेवताना पुंडलिकराव सोलकढीची वाटी खाली ठेवून म्हणाले, "मीही दाबलं एकदा. सगळे बघत होते."

"काय दाबलं?"

"दहा."

अनसूयाबाईंचा घास हातातच राहिला. "मी तुम्हाला ते पान वाचून दाखवलं होतं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"अनसूया, एका मताने काय होतंय? हजारो लोक..."

"त्या हजारोंना अक्कल नाही. त्यांना मी माफ करते. तुम्हाला अक्कल होती." त्यांनी ताट उचललं. "इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही भिडस्त आहात. तुम्ही भिडस्त नाही. तुम्ही रिकामे आहात. जो कुणी येईल तो तुमच्यात भरून जातो."

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं राहिलं.

बाईंनी पुण्याला फोन लावला. डॉ. नूपुर लाटकर ही उपक्रमाची प्रमुख. तिशीपार, मृदू आवाजाची, वाक्यावाक्याला 'आपण सगळे मिळून' म्हणणारी.

"मॅडम, मी स्वतः ते पान पाहिलंय," डॉ. लाटकर म्हणाली. "खाजगीत सांगते, तो शून्यच आहे."

"मग दुरुस्त करा."

"माझ्या एकटीच्या मताने कसं? आपल्या उपक्रमाचा पायाच लोकसहभाग आहे."

"मग त्या एका नोंदीचं वजन तरी कमी करा."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. मग ती म्हणाली, "तीच अडचण आहे. जितके जास्त वाचक एकमताने सांगतात, तितका त्रिकालचा त्या नोंदीवर विश्वास जास्त. या नोंदीला अकरा हजारांच्या वर मतं आहेत. आज ती एकोणिसाव्या शतकातली सगळ्यांत विश्वासार्ह नोंद आहे."

अनसूयाबाई हसल्या. हसू येण्यासारखंच होतं. शेकडो कप्तानांनी जीव मुठीत धरून टिपलेले आकडे एकीकडे, आणि लग्नाच्या मांडवात पंगत बसेपर्यंत दाबलेली बटणं दुसरीकडे. आणि भारी कोण, तर मांडव.

"याचा परिणाम काय होईल ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. "एमिलियाची पुढची पानं मी भरलीत. दोन दिवसांनी हे जहाज रत्नागिरीच्या अलीकडे खऱ्या वादळात सापडलं. म्हणजे करंज्याला वारा पडला होता तेव्हा वादळ लांब समुद्रात होतं आणि मग ते किनाऱ्यावर आलं. वारा मरणं आणि लांबून लाट येणं, ही त्याची वर्दी होती. तुमच्या नव्या आकड्यांनी वादळ आधीच किनाऱ्याला टेकवलंय, आणि माझ्या त्या पानांना पाचच मतं आहेत. मग त्रिकाल काय शिकणार?"

"की ते आधी किनाऱ्याजवळ आलं आणि मग समुद्रात निघून गेलं," डॉ. लाटकर हळू आवाजात म्हणाली.

"उलटं."

"हो. उलटं. मी वरिष्ठांना टिपण पाठवते, मॅडम."

टिपण गेलं. टिपणाचं जे होतं ते झालं.

पुढच्या वर्षी वैशाखात पुतळ्याचं अनावरण ठरलं. त्यासाठी भाईंनी समुद्रयात्रा काढली होती. गावातल्या सगळ्या होड्या सजवून देवखडकापर्यंत जायचं, तिथे नारळ अर्पण करायचा आणि परत यायचं. त्याच आठवड्यात अरबी समुद्रात, करंज्याच्या नैऋत्येला, एक चक्रीवादळ येऊन बसलं. बातम्यांत त्याचं पांढरं चक्र दिसत होतं. परदेशातल्या निम्म्या यंत्रणा म्हणत होत्या, कोकणाकडे वळेल. निम्म्या म्हणत होत्या, ओमानकडे जाईल. त्रिकालने दोनशे वर्षं चाळली, सगळ्यांत जुळणारा आणि सगळ्यांत विश्वासार्ह दिवस शोधला, तो १८५२ सालचा, आणि हिरवा दिवा दाखवला. वादळ किनाऱ्यापासून दूर जाईल.

यात्रेच्या आदल्या दिवशी करंज्यात वारा पडला. नारळाच्या झावळ्या हलेनात. अंगणातले कपडे उन्हातही दमट राहिले. आणि समुद्र सपाट असताना लांबून एक-एक जड लाट येऊन जेटीवर आपटत होती, सावकाश. अनसूयाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना ओळख पटली. हे वर्णन त्यांनी स्वतः टंकलं होतं.

यात्रेच्या दिवशी त्यांनी सकाळीच डॉ. लाटकरला गाठलं. "उपग्रह काय सांगतो?"

"रात्रीतून थोडं पूर्वेला सरकलंय. पण त्रिकाल त्याला तात्पुरता हेलकावा म्हणतोय."

"आणि तुम्ही काय म्हणताय?"

"मॅडम, माझ्या म्हणण्याने दिवा बदलत नाही."

"तुमच्या पाठीला कणा नाही, हे विज्ञानाने सिद्ध करण्याची गरज नाही," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून जेटीकडे निघाल्या.

जेटीवर ढोल-ताशे होते. होड्यांना झेंडूच्या माळा, भगव्या पताका. अनसूयाबाई होड्यांच्या तांडेलांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, एमिलिया, लाट, दोन दिवस. लोक ऐकत होते आणि हसत होते. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येकाला गाढव म्हटलं, तिने आज सावध केलं तर तेही शिवी म्हणूनच ऐकू गेलं. "आमका वादळ होया तेव्हा वहिनीक नको, आणि आमका नको तेव्हा वहिनीक होया," कुणीतरी मागून ओरडलं आणि हशा पिकला.

एकटा इनास फर्नांडिस हसला नाही. पन्नाशीचा, गप्प गप्प राहणारा होडीवाला. तो पाण्याकडे बघत होता.

"बाई, तुमच्या पुस्तकातला माका काय कळना नाय," तो म्हणाला. "पण ही लाट माका कळता. वारो नाय आणि लाट इतकी मोठी, म्हणजे ती खंयसून तरी येता. माझी होडी मी काडूचंय नाय."

त्याने होडीच्या माळा तोडल्या. त्याच्या शेजारच्या चार-पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोर पुन्हा बांधले. बाकीच्या सुटल्या.

पुंडलिकराव पहिल्या होडीत होते. समितीचा बिल्ला छातीला, हातात नारळांची टोपली. बाई जेटीच्या कडेला आल्या.

"उतरा खाली."

"अनसूया, सगळे बघतायत."

"बघू देत. उतरा म्हणते ना."

पुंडलिकराव टोपली धरून उभे राहिले. मग, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी आवाज चढवला. "रिकामा आहे ना मी? वर्षभर तेच ऐकतोय. रिकामा माणूस बुडत नाही, तरंगतो. काळजी करू नकोस."

त्या क्षणी 'तुमच्यावाचून मला कुणी नाही' एवढंच म्हणायचं होतं. निपाणीत काय आणि करंज्यात काय, हे वाक्य बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. सवयीचं तेच तोंडातून आलं.

"मग जा! बुडा!"

होडी निघाली.

बंदराच्या तोंडाशी पहिली जड लाट लागताच भाई भोगट्यांना बोट लागली. हरजी नाखव्याचे वंशज कठड्यावरून ओणवे होऊन ओकले आणि एका वेगवान होडीतून परत आले. मंत्रिमहोदयांच्या स्वागताला कुणीतरी हवं, असं कारण त्यांनी दिलं. पुंडलिकरावांची होडी तशीच पुढे गेली.

दुपारच्या सुमारास आभाळ नैऋत्येकडून काळंनिळं झालं. तासाभरात जेटीवरचा मांडव उडाला. त्रिकालचा दिवा लाल झाला तेव्हा वारा इतका होता की फोनवरचा भोंगा कुणाला ऐकू आला नाही. अनसूयाबाई जेटीजवळच्या चर्चच्या पडवीत उभ्या होत्या. वाऱ्याचा जोर किती, हे त्यांच्या डोक्यात आपोआप येत होतं. सहा. आठ. नऊ. मग त्यांनी मोजणं सोडलं.

इनास आणि दोर बांधून राहिलेले ते चार-पाच जण वारा थोडा उतरताच बाहेर पडले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. खडकाच्या आडोशाला अडकलेल्यांना त्यांनी खेपा करून आणलं. माणसं उतरताना बाई प्रत्येक चेहरा बघत होत्या. ज्यांना त्या कालपर्यंत आंधळे म्हणत होत्या, तेच चेहरे. निळे पडलेले, मिठाने पांढरे झालेले. पुंडलिकराव तिसऱ्या खेपेला आले. एक हात खांद्यातून निखळला होता. बाईंनी काही म्हटलं नाही. स्वतःचा पदर फाडून त्यांचा हात गळ्यात बांधला. गाठ दोनदा सुटली, त्यांनी ती तिसऱ्यांदा मारली.

"मी तुला म्हटलं होतं," पुंडलिकराव दात वाजवत म्हणाले, "तरंगतो."

"गप्प बसा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं डोकं छातीशी धरून तिथेच चिखलात बसल्या.

नऊ माणसं परत आली नाहीत.

चौकशी झाली. वादळ अनपेक्षित होतं, असा निष्कर्ष निघाला. भाईंनी पुतळ्याखाली त्या नऊ जणांची नावं कोरायचं जाहीर केलं आणि भाषणात म्हणाले, करंज्याच्या समुद्रात वादळ होतं की नव्हतं, हे विचारणाऱ्यांना आता उत्तर मिळालं असेल. त्यावर टाळ्या पडल्या. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं त्यांतल्याही काहींनी वाजवल्या.

सागरवेधला मात्र थोडी लाज वाटली असावी. वादग्रस्त नोंद पुन्हा तपासायची ठरली. कशी? डॉ. लाटकरने पत्रकात लिहिलं होतं, 'पारदर्शक पद्धतीने, आपण सगळे मिळून.' म्हणजे पुन्हा मतदान. पुण्यात बसलेल्या एकाही विद्वानाला एका शून्याला शून्य म्हणायचं धाडस झालं नाही. या वेळी मत गुप्त राहणार होतं, एवढीच सुधारणा. शून्य की दहा, आठवडाभराची मुदत.

पुंडलिकराव एका हाताने फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले. बाईंनी विचारलं नाही. वर्षभरात बोललेली वाक्यं परत घेता येत नाहीत, पण नवं एखादं न बोलणं जमतं, हे त्यांना अलीकडेच कळलं होतं.

निकालाबद्दल त्यांना शंका नव्हती. 'शून्य'ला तीन मतं पडतील, असा त्यांचा अंदाज होता. एक स्वतःचं, एक इनासचं, आणि एक, बहुतेक, आतल्या खोलीतलं.

'दहा' जिंकला. आधीपेक्षा मोठ्या फरकाने, सतरा हजारांवर मतं. वादळ लोकांनी आता डोळ्यांनी पाहिलं होतं. कुठल्या सालचं, हा तपशील होता. त्रिकाल त्याच वादळासह पुन्हा सुरू झाला. इनासने दिव्याकडे बघणं सोडून दिलं. पहाटे तो पाणी बघतो आणि ठरवतो.

पण 'शून्य'च्या पुढचा आकडा अनसूयाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तो तीन नव्हता. तीनशेच्या वर होता. आणि संस्थेने दिलेल्या तक्त्यानुसार त्यांतली बहुतेक मतं करंजेबंदरातूनच पडली होती.

त्यांना हा हिशेब लागेना. तीनशे माणसं. गावात तीनशे माणसं होती, ज्यांनी ते पान खरंच उघडलं होतं, फराटा पाहिला होता, चार ओळी कुणाकडून तरी वाचून घेतल्या होत्या, आणि घरात, बाजारात, भाईंच्या सभेत अवाक्षरही न काढता बरोबर बटण दाबलं होतं. ती कोण? नावं कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या. आयुष्यभर या रस्त्याने जाताना त्यांना कुणाविषयी काही ठरवावं लागलं नव्हतं. सगळं आधीच ठरलेलं होतं. किराणावाला लबाड, शिंपी बावळट, ग्रंथपाल आळशी, मुख्याध्यापक भाईंचा पोपट. आता प्रत्येकाकडे बघताना एक घोळ होत होता. हा असेल? हा नक्की नसेल. पण मग तीनशे कुठून आले? ग्रंथपालाने नमस्कार केला तेव्हा त्यांनी, काय करावं ते न सुचून, उलट नमस्कार केला. तो बिचारा दचकून दोन पावलं मागे सरला.

मासळीबाजारात त्या द्वारकाबाईपुढे थांबल्या. हिचा दीर त्या नऊ जणांमध्ये होता, आणि भाषणानंतर टाळ्या वाजवणाऱ्यांत बाईंनी हिला स्वतः पाहिलं होतं. द्वारका बांगड्यांवर पाणी मारत होती. मान वर न करता म्हणाली, "काय बघतास ओ बाई, अशी टक लावन?"

"काही नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. मग राहवलं नाही. "तू कुठलं बटण दाबलंस?"

द्वारकाने मान वर केली. त्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळण्यासारखं नव्हतं.

"तुमका कित्याक सांगू?" ती म्हणाली. "मत गुप्त आसता. बांगडे घेतास काय?"

अनसूयाबाईंनी पिशवी पुढे केली.